परदेशीचे मैदान आणि घरचा उंबरठा

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या भोर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या आग्रहावरून येथे छापण्यास दिले आहे.)



परीक्षेत उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा सत्कार आताच आपण डोळे भरून पाहिला. त्यानंतर चार शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षमहाशयांनी आम्हास केली व ‘खेळ आणि आपले तरुण’ हा विषयही नेमून दिला. व्यायामाचे महत्त्व, निर्व्यसनी राहणी, सूर्यनमस्कारांचे लाभ असे चार मुद्दे मांडून आम्हास खाली बसता आले असते. आपणही रीतीप्रमाणे टाळ्या वाजविल्या असत्या. परंतु आज तसे करण्यास मन घेत नाही. गेली काही वर्षे मनात सलत असलेली एक गोष्ट येथे बोलून दाखवावयाची आहे. तिच्यात आपल्या मंडळाच्या, आणि विशेषेकरून आमच्या स्वतःच्या, एका चुकीची कबुली आहे. ती समजावी म्हणून आधी थोडे जुने सांगतो.

येथून भाटघरचे धरण किती दूर? आपणापैकी कित्येकांची जुनी शेते त्या पाण्याखाली आहेत. सन १९२८ मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणास ज्या लॉईडसाहेबांचे नाव दिले गेले, ते सर जॉर्ज लॉईड तेव्हाच्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. धरणाचे नाव आपण सारे जाणतो. परंतु हिंदुस्थानच्या खेळाडूंना ऑलिंपिकचे दार उघडून देण्याच्या कामी याच लॉईडसाहेबांचे साहाय्य झाले होते, हे थोड्यांस ठाऊक असेल. ती गोष्ट अशी.

सन १९०६ मध्ये पुण्यास डेक्कन जिमखाना ही संस्था निघाली. सर दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष. सन १९१९ च्या सुमारास जिमखान्याच्या मैदानी शर्यती पाहत असता दोराबजींच्या एक गोष्ट ध्यानी आली. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारी पोरे बहुतेक शेतकऱ्यांची होती. पायात पादत्राण नाही, पोटास कोंडामांडा, शिकविणारा कोणी नाही. आणि तरीही त्यांचा वेग युरोपातील नावाजलेल्या धावपटूंच्या वेगाशी ताडून पाहण्याजोगा! ही पोरे कोणत्या गावची होती याची यादी आमच्यापाशी नाही. परंतु रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ व कानद खोरे यांतील माणसास ते वर्णन परके वाटावयाचे नाही. आजही राजगडाच्या पाली दरवाजाच्या वाटेने ताकाच्या बरण्या घेऊन चढणारी आपली मुले पाहावी. शहरातील पदभ्रमणकरी पहिल्या टेपाडावर धापा टाकीत बसलेला असतो आणि आपले पोर त्याच्या पुढे दोनदा वर जाऊन आलेले असते.

दोराबजींनी मनावर घेतले आणि लॉईडसाहेबांच्या साहाय्याने सन १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा संघ पाठविण्याचे ठरले. पण ठरविणे निराळे आणि पाठविणे निराळे. ऑलिंपिक म्हणजे काय हेच तेव्हा पुष्कळांस ठाऊक नव्हते. शंभर यार्डांच्या शर्यतीस किती वेळ लागावा, असे दोराबजींनी एका व्यवस्थापक गृहस्थास विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले ते मिनिटांत! हा हिशेब सेकंदांचा आहे, असे त्यास समजावून सांगावे लागले. खर्चाचा अंदाज ३५,००० रुपये निघाला. लोकांकडे पदर पसरला, तेव्हा ७,००० रुपये जमले. सरकारने ६,००० दिले. दोराबजींनी स्वतःच्या खिशातून ८,००० घातले आणि उरलेला भार संस्थानिकांनी उचलला. एवढी खटपट किती जणांसाठी? चार धावपटू आणि दोन मल्ल, एकूण सहा जणांसाठी!

त्या काळी मुंबईहून विलायत म्हणजे आगबोटीने सुमारे तीन आठवड्यांची वाट. मातीत धावणाऱ्या व लाल मातीत घुमणाऱ्या गड्यास तीन आठवडे हलत्या फळ्यांवर काढावे लागणे, परक्या अन्नावर दिवस ढकलणे आणि उतरताच तेथील थंडी अंगावर घेणे, ही तपश्चर्याच म्हटली पाहिजे. तरीही बेळगावकडील फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनची शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. ती मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरांची होती. मुंबईचे मल्ल रणधीर शिंदे कांस्यपदकाच्या कुस्तीपर्यंत जाऊन पोचले. ती कुस्ती इंग्लंडच्या गड्याने जिंकली आणि शिंदे चौथे राहिले. आज त्यांचे नाव आपल्या मुलांस माहीत नाही. चौथ्या क्रमांकास आपण मिरवणूक काढीत नाही.

यानंतर ३२ वर्षांनी जे घडले, ते मात्र प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव यांनी सन १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदक आपणास ठाऊक आहे. पण पदकापर्यंतच्या वाटेत किती खाचखळगे होते, ते आज थोडे पाहू.

सन १९४८ मध्ये खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. तोवरचा सारा सराव मातीच्या आखाड्यातला. तेथे जाऊन पाहतात तो कुस्ती गादीवर! मातीत पाय रोवून डाव टाकणाऱ्यास गादीवर पायच ठरेना. तरीही ते सहावे आले. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे गादीवरील कुस्तीचे नियम व डाव पक्के केले. सन १९५२ ची निवड आली तेव्हा आपणास गुण देण्यात अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्यास चीत करून आपली जागा मिळविली.

जागा मिळाली, आता पैशाची वाण! गावकऱ्यांनी वर्गणी केली, ओळखीच्यांनी हात दिला, तरी बेरीज पुरी होईना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले व ७,००० रुपये उभे केले. शिष्य परीक्षेत पहिला यावा म्हणून झटणारे गुरू आपण पाहिले आहेत. शिष्याने परमुलखात जाऊन कुस्ती खेळावी म्हणून घराचे खत सावकाराच्या हाती देणारा प्राचार्य विरळाच.

हेलसिंकीस खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी यांच्या मल्लांस हरविले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ कुस्ती झाली, ती गेली. हाच इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्धा तास विसावा मिळावयास हवा होता. परंतु खाशाबांस लगोलग रशियाच्या मल्लासमोर उभे राहण्यास सांगण्यात आले. नियमावर बोट ठेवून भांडावे, तर आपला एकही अधिकारी त्या क्षणी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेला गडी तसाच उतरला आणि हरला. एवढे होऊनही पदक हाती आले. मग शेजारी एक जाणता माणूस उभा असता तर काय झाले असते, हा विचार आम्हास आजही अस्वस्थ करतो. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले. पुन्हा चौथाच क्रमांक, आणि पुन्हा विस्मृती!

खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि पंधरा मिनिटांच्या वाटेस सात तास लागले, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढची गोष्ट मात्र आपण सांगत नाही. घरी आल्यावर या गड्याने कुस्त्यांचे फड लावले, स्वतः त्यांत उतरला आणि मिळालेल्या इनामाच्या पैशातून आपल्या प्राचार्यांचे घर सोडवून दिले. देशाचे पदक मिळविलेल्या मल्लास ते ऋण फेडण्यासाठी पुन्हा आखाड्यात उतरावे लागले! सन १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. सन १९८४ मध्ये अपघातात निवर्तले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. महाराष्ट्राच्या खेळाडूस पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते थेट सन २०२४ मध्ये, पॅरिस येथे, राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांस, नेमबाजीत. मध्ये ७२ वर्षे गेली. या ७२ वर्षांत आपल्या मातीत दम नव्हता, असे कोण म्हणेल?

बंधूंनो, आता घरची गोष्ट.

सन २०१४ च्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीपुढे एक अर्ज आला. समितीचे प्रमुखपद तेव्हा आमच्याकडे होते. अर्जदार आपल्याच ज्ञातीचा, वेल्ह्यापलीकडील घाटमाथ्यावरच्या एका वाडीचा मुलगा. आता त्या तालुक्यास राजगडाचे नाव मिळाले आहे. लांब पल्ल्याच्या धावण्यात त्याने नाव काढले होते आणि परदेशातील एका युवक-स्पर्धेसाठी त्याची निवड झाली होती. तिकिटास व इतर खर्चास साठ हजार रुपये हवे होते. अर्ज त्याच्या शिक्षकांनी लिहिलेला, खाली मुलाची सही आणि आईचा अंगठा.

आम्ही नियमावली उघडली. मंडळाचा निधी ‘परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या गुणवंतांसाठी’ असे तीत स्वच्छ लिहिले होते. मुलास बारावीस जेमतेम गुण. ‘पळण्यासाठी का कोणी वर्गणी दिली आहे?’ असे एक सभासद म्हणाले. आम्ही हसलो. होय, आम्ही हसलो, आणि ‘नियमात बसत नाही’ असा शेरा लिहून खाली सही केली. त्या मुलाचे पत्र चार मिनिटांत आमच्या हातून बाजूस झाले.

पुढची हकीकत आम्हास त्याच वर्षीच्या लग्नसराईत, त्याच्या मावशीच्या तोंडून कळली. शिक्षकांनी पतपेढीचे कर्ज काढले. आईने दोन शेरडे विकली व गळ्यातील मणी मोडले. पासपोर्टास अर्ज केला तर शाळेच्या दाखल्यावर हाकेचे नाव आणि आधारकार्डावर पाळण्यातले नाव; ती तफावत निस्तरण्यात दीड महिना गेला. पासपोर्ट हाती आला तेव्हा निघण्यास चार दिवस उरले होते.

निघावयाचा दिवस जुलैचा. तिकडचा जुलै आपण जाणता. रात्रभर धो धो पाऊस, सकाळची एस. टी. आलीच नाही. मुलगा थैली डोक्यावर घेऊन, इरले पांघरून पहाटे चारला निघाला तो वेल्ह्यापर्यंत चालत आला. मार्गासनीकडे ओढ्याचे पाणी रस्त्यावर आलेले. ते उतरेपर्यंत दोन तास थांबणे झाले. दुधाच्या गाडीने नसरापूर, फाट्यावरून मालमोटारीने पुणे, तेथून गर्दीच्या गाडीत उभ्याने मुंबई. विमानतळावर पोचला तेव्हा दार बंद व्हावयास थोडा वेळ उरला होता. त्याचे सोबती आधीच आत गेलेले.

वाटेत विमान बदलावयाचे होते. पहिल्यास उशीर झाला, दुसरे निघून गेले. रात्र परक्या विमानतळाच्या खुर्चीवर काढली. दुसऱ्या दिवशी मुक्कामास पोचला तो थैली भलतीकडेच गेलेली. धावण्याचे बूट त्या थैलीत! शर्यत दुसऱ्या सकाळी. दुसऱ्या प्रांतातील एका मुलाने आपले जास्तीचे बूट दिले. ते एक अंकाने मोठे. आत कापूस कोंबून हा धावला. अर्ध्या शर्यतीत दोन्ही टाचांना फोड आले. चौदा जणांत नववा आला.

परत आला तो मध्यरात्री. मुंबईत आपल्या ज्ञातीची घरे गिरगावापासून कल्याणपर्यंत पसरलेली आहेत, पण त्यातील एकाचाही पत्ता त्यास कोणी दिला नव्हता. रात्र त्याने रेल्वे स्थानकाच्या बाकावर काढली. आणि दैवाचा विनोद पाहा: हरवलेली थैली त्याच्याही आधी मुंबईस येऊन पडली होती. बूट जसेच्या तसे, कोरडे! तो वाडीत पोचला तेव्हा भातलावणी चालू होती. आईने पाणी दिले, जेवू घातले, आणि दुसऱ्या दिवशी तो चिखलात उतरला. ना हार, ना गाडी, ना कोणी विचारले.

ही हकीकत ऐकत असता आमच्या पानातील घास तसाच राहिला. मुलगा नववा आला याचे आम्हास दुःख नाही. खेळात कोणी पहिला येतो, कोणी नववा. आपल्या पायाच्या मापाच्या बुटांत तो नववा आला असता, तर ते त्याचे बळ ठरले असते. ते बळ अजमावण्याची संधीच आम्ही त्यास दिली नाही, हे दुःख आहे. साठ हजार रुपयांचे राहू द्या. पासपोर्ट आधी काढ, बूट जवळच्या पिशवीत ठेव, मुंबईत अमक्याच्या घरी उतर, एवढे सांगणारा वडीलधारा मनुष्यही या एवढ्या मोठ्या ज्ञातीत त्यास मिळाला नाही. तशी माणसे आपल्यात होती. आम्हीच होतो.

अँटवर्प, हेलसिंकी आणि ही आपली वाडी, या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. परदेशच्या मैदानावरील लढत गडी एकटा लढतो आणि ती त्याने एकट्यानेच लढावी. पण त्या मैदानापर्यंतची वाट एकट्याची नसते. दोराबजी, खर्डेकर, गोळेश्वरचे गावकरी आणि वेल्ह्याचे ते शिक्षक यांनी ती वाट आपली मानली. आम्ही मानली नाही. आपणास मिरवणुकीची हौस फार आहे. ती वाईट नव्हे. परंतु परतीच्या १५१ गाड्यांपेक्षा जातेवेळची एक गाडी, पहाटे चारला वाडीच्या तोंडाशी उभी असलेली, अधिक मोलाची आहे.

तेव्हा आमच्या काही सूचना आहेत. पहिली : मंडळाने ‘क्रीडा-प्रवास निधी’ म्हणून स्वतंत्र खाते काढावे आणि परीक्षेची अट त्यास लावू नये. दुसरी : अशा अर्जाचा निर्णय आठ दिवसांच्या आत व्हावा, खेळाडूचे वय आणि स्पर्धेची तारीख समितीच्या बैठकीसाठी थांबत नसते. तिसरी : ज्या मुलामुलींची जिल्हा पातळीवर निवड होईल, त्यांचे दाखले, नावे व जन्मतारखा तेव्हाच तपासून पासपोर्ट काढून ठेवावा, यास पैसा थोडा लागतो, लक्ष अधिक लागते. चौथी : पुणे व मुंबई येथील सभासदांपैकी जे अशा मुलांस एक रात्र आसरा देतील व विमानतळापर्यंत सोबत करतील, त्यांची नावे-पत्ते पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावेत. जाहिरातींच्या पानांत एक पान त्यासाठी सहज निघेल. पाचवी : जो जाईल त्याचा, पदक मिळो वा न मिळो, पुढच्या मेळाव्यात सत्कार व्हावा.

आम्ही या वर्षीपर्यंत मंडळाकडून जो प्रवासभत्ता घेतला, तो सारा या निधीस परत करीत आहोत. शिवाय साठ हजार रुपयांचा धनादेश आज कोषाध्यक्षांकडे दिला आहे. हे दान समजू नये. ही जुनी बाकी आहे, आणि तीही व्याजाविना फेडलेली.

तो मुलगा आज तिशीस पोचला आहे. शेती सांभाळून रोज पहाटे वाडीतील पोरांना डोंगराच्या पायवाटेवर पळवितो. त्यात दोन मुली आहेत आणि त्यांतील धाकटी आपल्यापेक्षा सरस निघणार, असे तो स्वतः सांगतो. आमचे आमंत्रण स्वीकारून तो आज या सभागृहात येऊन बसला आहे. नाव घेऊ नये, पुढे बोलावू नये, अशी त्याची अट आहे आणि ती आम्ही पाळणार आहोत. काल आम्ही त्यास भेटून क्षमा मागितली. तो एवढेच म्हणाला, “काका, माझं झालं. तेवढा पोरींचा पासपोर्ट बघा.”

सभाजनहो, आमचे भाषण येथे संपले. पण त्याने सांगितलेले काम अद्याप व्हावयाचे आहे. दोन्ही मुलींचे दाखले आम्ही सोबत आणले आहेत. धाकटीच्या दाखल्यावर आणि आधारकार्डावर नाव निरनिराळे आहे. आपल्यापैकी ज्यांस कचेरीच्या कामाची माहिती आहे, त्यांनी जेवणाच्या पंक्तीस बसण्यापूर्वी आम्हास येऊन भेटावे, ही नम्र विनंती करून आपली रजा घेतो.